ज्याचा दोरा, त्याचं उत्तर

४ फेब्रुवारी, मंगळवार

एका दिवसात चार माणसं घरात शिरली आणि चौघांनी मला वय विचारलं. चार कागद, चार पेनं, तोंडात प्रश्न एकच. पहिली आली सिस्टर. तिला अठ्ठ्याहत्तर सांगितलं, ते खरं आहे. अंघोळीला मदत करणारी बाई आली, तिलाही अठ्ठ्याहत्तर. दुपारी जेवणाचा डबा घेऊन एक जण आला, त्याला एकोणऐंशी. संध्याकाळी व्यायामाचा मास्तर उगवला तोवर जीव इतका वैतागला होता की म्हटलं, "चौऱ्याऐंशी." त्याने मान डोलावून लिहून घेतलं. या चौघांचे कागद एकमेकांना कधी भेटायचे नाहीत, तेव्हा माझं खोटं कोणाला कळायचं नाही.

असो. वही, तुला नमस्कार. नातीने सांगितलं होतं आधी नमस्कार लिही, तो राहिलाच. वही तिनेच दिली. म्हणाली, "आजी, रोज थोडं लिहीत जा, डोकं शाबूत राहतं." म्हटलं, "डोकं शाबूतच आहे ग, घसरला तो पाय." मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढे हॉस्पिटलच्या लाँड्रीत बत्तीस वर्षं काढली, तिथे याद्या लिहून हात वळला. काना, वेलांटी चुकेल. वाचणारी मीच, तेव्हा बोलणी खाणारीही मीच.

काय झालं ते एकदाच लिहून ठेवते. वीस जानेवारीला बाथरूममध्ये पडले. पायपुसणं सरकलं. दोन तास तिथेच होते. मुलगा सहज म्हणून आला, त्याने उचललं. मोठ्या हॉस्पिटलात तीन दिवस ठेवलं. हाड मोडलेलं नाही. तिथे मी खडखडीत होते, नर्सच्या पुढे चालत होते. घरी आले आणि सकाळी दहाच्या सुमाराला पुन्हा जमीन हलायला लागली. भिंत धरून उभी राहते, अर्ध्या तासाने जातं. हे फक्त इथे लिहिते आहे. कोणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही.

कारण मुलाने वृद्धाश्रमात माझं नाव घातलंय. तिथली एक खोली एक एप्रिलला रिकामी होते आहे. ती कशाने रिकामी होते आहे ते मी विचारलं नाही. पण आरोग्य केंद्राने नवी योजना काढली आहे. म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच घरात राहू द्यायचं. सिस्टर, डबा, अंघोळ, व्यायाम सगळं दारात आणायचं. सहा आठवडे बघणार. अठरा मार्चला बैठक. मी माझ्या घरात राहायचं की सामान बांधायचं ते तिथे ठरेल.

मी सामान बांधणार नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चौघांना नावं ठेवून झाली. सिस्टर ती सिस्टरच, पहिला दिवस सोडला तर दर गुरुवारी चारला येते. अंघोळीला येणारी ती घाई. रोज नऊला येते, पावणेदहाला चपला घालून उभी. पुढे आणखी तीन घरं असतात तिची. डबा आणणारा शिट्टी. पूर्वी बस चालवायचा, आता चौतीस पायऱ्या शिट्टी वाजवत चढतो, म्हणजे दम लागलेला कळू नये. मास्तर मंगळवार, शुक्रवार.

माणसं वाईट नाहीत. पण एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. मास्तर म्हणतो, जिना उतरा, चढा. सिस्टर म्हणते, पायावर सूज आहे, पाय वर घेऊन बसा. शिट्टी म्हणतो, डबा गरम आहे तोवर जेवा. घाईने म्हणे मला जेवणानंतरच झोपू द्यायचं असं कागदात आहे, आणि जेवण यायच्या आत ती निघून गेलेली असते. एक पाय जिन्यावर, एक पाय उशीवर आणि तोंडात घास, असं बसू का मी?

सिस्टरने हॉस्पिटलचा कागद उघडला, पलंगाजवळच्या गोळ्यांच्या डब्यातली पाकिटं त्याच्याशी ताडून पाहिली. "आजी, वेळेवर घेता ना?" म्हटलं, घेते. डिसेंबरात छातीत दुखलं तेव्हा मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरने त्या लिहून दिल्या आहेत. कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या गोळ्या वेगळ्या, त्या स्वयंपाकघरातल्या डब्यात असतात. त्या मी दहा वर्षं उठल्याउठल्या घेते. त्यांचं तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. विचारतील तेवढंच बोलावं, जास्त बोललं की कागद वाढतो.

मग म्हणाली, "चक्कर वगैरे?"

"मला? मी काय लहान मुलगी आहे गोल फिरायला?"

ती हसली आणि तिने रेघ ओढली.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज मी यांची शाळा घेतली.

लाँड्रीत आमच्याकडे रोज आठशे चादरी यायच्या. आम्ही अकरा बायका, त्यातल्या सात जणींना अक्षर ओळखता येत नव्हतं. तरी बायकांच्या वॉर्डाची चादर पुरुषांच्या वॉर्डात कधी गेली नाही. का? कोपऱ्यात दोरा. निळा एका वॉर्डाचा, हिरवा दुसऱ्याचा. जिने धुतली तिचा एक टाका, जिने इस्त्री केली तिचा एक. डाग गेला नसेल तर काळा दोरा, म्हणजे ही पुढे पाठवायची नाही. चादर हातात घेतली की तिची सगळी हकिगत कळायची. काही चुकलं की मुकादम कोपरा बघायचा, बाईकडे बघायचा नाही. ज्याचा दोरा, त्याने उत्तर द्यायचं. आरडाओरडा नाही, रडारड नाही.

तर स्वयंपाकघरात खिडकीजवळ कपड्यांची दोरी आहे, तिला सात चिमटे लावले. सात वार. माझ्या जुन्या पेटीतली रिळं काढली. घाईला हिरवा, शिट्टीला पिवळा, मास्तरला तांबडा, सिस्टरला निळा. आलात की आधी चिमट्यावर काय आहे ते बघायचं, मग आपला दोरा बांधायचा. काम झालं तर साधी गाठ. काही राहिलं, बिनसलं तर दोन गाठी, म्हणजे पुढच्याने मला विचारायचं. सकाळी पहिला दोरा माझा. पांढरा म्हणजे उठले, ठीक आहे. काळा म्हणजे ठीक नाही.

शिट्टी म्हणाला, "आजी, आमच्या मोबाईलमध्ये आहे हो हे सगळं. बटण दाबलं की झालं."

"दाब मग. सकाळी घाईने काय केलं ते दाखव."

त्याने बराच वेळ बोट फिरवलं. "तिचं मला दिसत नाही. मला फक्त डब्याचं दिसतं."

"मला इथून दोन्ही दिसतात," म्हटलं. "बांध पिवळा."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दोरी बरी भरली आहे. घाईने काल दोन गाठी मारल्या होत्या, टाचेला लाली दिसली म्हणून. शिट्टीने विचारलं, पाय बघितला, केंद्रात फोन केला, आज सिस्टर येतानाच मलम घेऊन आली. तिघं एका टाचेपायी एकमेकांशी बोलली. सिस्टर दोरीसमोर उभी राहून म्हणाली, "आजी, हे भारी आहे." मी म्हटलं, "भारी काही नाही, दोरा आहे." पण ती गेल्यावर मी चिमटे सरळ करून ठेवले. उगाच वाकडे दिसत होते.

मंगळवारी, काल आणि आज, तीनही दिवस दहाला जमीन हलली. चिमट्याला मात्र तिन्ही दिवस पांढराच दोरा आहे. सकाळी उठताना ठीकच असते. तेव्हा ते खोटं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

मुलगा आला होता. बाथरूमची फरशी हातात ब्रश घेऊन घासत बसला, एक तास. मी म्हटलं, "घाई करते ते काम." म्हणाला, "असू दे." डोळे लाल झाले होते. विचारलं, तर म्हणे साबण गेला. साबणाची डबी तर बंद होती. त्याला लहानपणापासून कामातलं काही कळत नाही.

जाताना म्हणाला, "आई, आश्रमात प्रत्येक खोलीत घंटी आहे. दाबली की दोन मिनिटांत माणूस येतो."

"मी काय दुकान आहे घंटी वाजवायला?"

"दोन तास, आई." एवढंच म्हणाला आणि खाली गेला. अर्ध्या जिन्यात बराच वेळ थांबला होता, पायांचा आवाज आला नाही. बूट बांधत असेल.

१७ फेब्रुवारी, सोमवार

हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

आज दहाला इतकं फिरलं की ओट्याला दोन्ही हातांनी धरून राहिले. समोर दोरी होती. चिमट्यावर माझा पांढरा दोरा. माझ्याच हाताने बांधलेला.

लाँड्रीत एकदा एका पोरीने मोजणी भरावी म्हणून चादरीचा काळा दोरा तोडून टाकला होता. डाग असलेली चादर ऑपरेशनच्या खोलीपर्यंत पोचली. वेळीच कोणी बघितलं म्हणून निभावलं. मी त्या पोरीशी पुढे सहा महिने बोलले नाही. बत्तीस वर्षांत माझ्या हातून खोटी खूण गेली नाही, आणि आता म्हातारपणी स्वतःच्या स्वयंपाकघरात मी तेच करते आहे.

सकाळी उठताना ठीक असते म्हणे. चादरही कोपऱ्यात पांढरीच असते, डाग मध्ये असतो.

भोवळ उतरल्यावर पांढरा काढला, काळा बांधला. मग गेल्या आठवड्याच्या चिमट्यांवर पण. जेवढे आठवले तेवढे. पाच.

बारा वाजता शिट्टी जिन्यातून वाजवत आला. दोरी बघितली आणि त्याची शिट्टी बंद झाली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

व्हायचं तेच झालं. सिस्टरने मोठ्या हॉस्पिटलला फोन केला. तिथून सांगितलं, डोक्याचा फोटो काढू, दहा दिवसांनंतरची वेळ आहे. केंद्रातून मुलाला कळवलं. त्याने फोनवर आवाज चढवला नाही, तेच वाईट. "आई, तू माझ्याशी खोटं बोललीस." पुढे म्हणाला, आश्रमाला तो सोमवारी होकार कळवणार आहे, बैठकीची वाट बघणार नाही.

सिस्टरला पण राग आला होता. "आजी, मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतंस. मी उडवून लावलं."

"का?"

"तू रेघ ओढायला तयारच होतीस."

चहा केला तर दोघींचाही गार झाला.

खरं बोलून घर जाणार असेल तर जाऊ दे, असं मी मनाशी म्हटलं. पण ते काही मला पटलेलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रात्रभर एकच गोष्ट डोक्यात. लाँड्रीत डाग गेला नाही की आम्ही चादरीला शिव्या देत बसायचो नाही. पाणी बघायचो, साबण बघायचो, सोडा कोणी किती टाकला ते बघायचो. हॉस्पिटलात मी तीन दिवस खडखडीत होते आणि घरी पडते. मुलगा म्हणतो घर धोक्याचं. पण घर तेच आहे, चाळीस वर्षं तेच आहे. मग हॉस्पिटलात माझ्या पोटात काय जात नव्हतं, जे इथे जातं?

शिट्टी आल्यावर त्याच्या हातात दोन्ही डबे दिले, पलंगाजवळचा आणि स्वयंपाकघरातला. वर सहा रिळं दिली. म्हटलं, "कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे जा. मला यावरची इंग्रजी नावं वाचता येत नाहीत. त्याला म्हणावं, प्रत्येक पाकिटाला दोरा बांध. नावावर जाऊ नको, कामावर जा. काम एक असेल तर रंग एक."

"आजी, डबे पोचवायचे राहिलेत माझे."

"गरम राहतात ते. झाकण घट्ट असतं."

अर्ध्या तासाने जिन्यात दोन माणसांचा दम ऐकू आला. शिट्टी आणि त्याच्यामागे औषधवाला. तो माणूस वीस वर्षांत त्याच्या दुकानाच्या फळीबाहेर आलेला मी पाहिला नाही. घाम पुसत उभा राहिला. हातात दोन पाकिटं, एक हिरवं, एक चंदेरी. दोन्हींना जांभळा दोरा.

"आजी, ही दोन्ही तुम्ही रोज घेता?"

"घेते. हिरवी उठल्यावर, चंदेरी चहानंतर."

"कधीपासून?"

"हिरवी दहा वर्षं. चंदेरी डिसेंबरपासून."

"अहो, ही एकच गोळी आहे. रक्तदाबाची. कंपनी वेगळी, नाव वेगळं, आतलं औषध तेच. तुम्ही दुप्पट घेताय! दहाच्या सुमाराला दाब असा खाली जात असेल की..." त्याने हाताने फरशी दाखवली. "हिरवी माझ्याकडून जाते. चंदेरी हॉस्पिटलच्या खिडकीतून. मला कुठून कळणार?"

एकच चादर, दोन वॉर्डांचे दोरे. दोनदा मोजलेली.

मी खाली बसले. भोवळ नव्हती. बसावंसं वाटलं म्हणून बसले.

औषधवाल्याने स्वतः काही बंद केलं नाही, हे मला आवडलं. त्याने सिस्टरला फोन लावला. सिस्टरने दवाखान्याच्या डॉक्टरला लावला, त्यांनी हॉस्पिटलला. चार फोन झाले आणि उत्तर आलं: चंदेरी आजपासून बंद. डोक्याचा फोटो तरी काढायचाच, उगाच कसर नको. सिस्टरचा वार नव्हता तरी संध्याकाळी आली. दाब मोजला, तिचा निळा दोरा बांधला, दोन गाठी मारल्या.

"आता कशाला दोन?"

"मी दुसऱ्या डब्याचं विचारलं नव्हतं, आजी."

"मीही सांगितलं नव्हतं," म्हटलं आणि माझा एक काळा तिच्या निळ्याशेजारी बांधला. मग चहा प्यायलो. या वेळी गरम.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पांढरा. खरा पांढरा. दहा वाजले, साडेदहा वाजले, ओट्याला हात न लावता उभी होते. घाईला आज घाई नव्हती, ती पण थांबली होती बघायला. जमीन हलली नाही. ती म्हणाली, "आजी, नाचून दाखवा आता." म्हटलं, "तुझे बाकीचे म्हातारे पाण्यात भिजत बसले असतील, पळ."

मुलाने आश्रमाला अजून होकार कळवलेला नाही. औषधवाल्याने त्याला सगळं सांगितलं वाटतं. बैठकीपर्यंत थांबतो म्हणाला.

५ मार्च, बुधवार

डोक्याचा फोटो झाला. आत जे असायला हवं ते आहे म्हणाले. नातीला तसं कळवलं.

नऊ दिवस सगळे पांढरे. आज केंद्राची मोठी बाई बघायला आली. ती योजनेची साहेबीण. दोरीसमोर उभी राहून फोटो काढत होती. मी म्हटलं, "फोटोत गाठी कळत नाहीत. हात लावा." तिने चष्मा वर करून एकेक गाठ चाचपली. मग विचारलं, "आजी, आमच्या माणसांना शिकवाल?"

"किती जण?"

"बावीस."

"अकरा अकराचे दोन गट करा. अकराच्या वर बायका गप्पा मारतात."

१२ मार्च, बुधवार

केंद्राच्या हॉलमध्ये दुसरा गटही झाला. शिट्टीने हात धरून नेलं, हात मी दिला नाही, त्याने घेतला. बावीस जणांनी गाठी मारल्या. त्यात दोन जणी शिकलेल्या डॉक्टरणी. त्यांच्या गाठी सगळ्यात सैल. एकीला तीनदा सोडायला लावली. ती म्हणाली, "आजी, तुम्ही फार कडक आहात." म्हटलं, "सुटलेल्या गाठीने माणूस पडतो."

मोबाईलमध्येही सगळ्यांना सगळ्यांचं दिसेल असं करणार आहेत म्हणे. करू देत. तोवर योजनेतल्या चाळीस घरांत दोरी लागेल.

घरी आले तर चौतीस पायऱ्यांना नवा कठडा. दोन्ही बाजूंना. मुलगा सुट्टी काढून दिवसभर ठोकत होता. एका जागी खिळा वाकडा गेला आहे. तो तसाच राहू दे. त्याने कठड्याच्या टोकाला, माझ्या दाराशी, एक दोरा बांधला होता. जांभळा, कारण तो रंग उरला होता म्हणे. साधी गाठ. घट्ट आहे.

१८ मार्च, मंगळवार

बैठक. लांब टेबल. साहेबीण, सिस्टर, घाई, शिट्टी, मास्तर, दवाखान्याचे डॉक्टर, मुलगा. मोठ्या हॉस्पिटलचे डॉक्टर आले नाहीत, कागद पाठवला. सुरुवातीला साहेबिणीने चारही कागद एकत्र केले आणि वाचायला लागली. "वय अठ्ठ्याहत्तर. वय अठ्ठ्याहत्तर. वय एकोणऐंशी. वय..." तिने चष्मा पुसला. "चौऱ्याऐंशी?"

सगळे मास्तरकडे बघायला लागले. तो घामाघूम. मी म्हटलं, "तो दोरा माझा आहे. त्याला सोडा."

मुलाला विचारलं तेव्हा तो उठून उभा राहिला. शाळेत असल्यासारखा. म्हणाला, "मला घंटी हवी होती. दाबली की माणूस येतो अशी. आता सकाळी आईचा पांढरा दोरा घाई बघते, बारा वाजता शिट्टीदादा बघतात. साडेनवापर्यंत दोरा दिसला नाही तर मला फोन येतो. आई तिच्या घरीच राहील. आश्रमाला मीच कळवतो." मग बसला, आणि पुन्हा साबण गेला वाटतं डोळ्यात.

माझा मुलगा. बोलतो कमी, पण उभा राहिला तेव्हा सगळ्यात उंच तोच होता.

मग दुहेरी गोळीचं निघालं. दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, हॉस्पिटलने काय लिहिलं ते त्यांना कोणी कळवलं नाही. हॉस्पिटलच्या कागदात होतं, आधीचं औषध रुग्णाने सांगितलं नाही. साहेबीण म्हणाली, "आजी, कुणा एकाची चूक नाही. मध्येच कुठेतरी राहून गेलं."

"मध्ये मी होते," म्हटलं. "मी राहून जाणार होते."

साहेबीण म्हणाली, तुमची तक्रार लेखी द्या, उत्तर येईल.

१९ मार्च, बुधवार

सकाळी पांढरा बांधला. दहाला ओट्याशी उभी राहून चहा केला.

नात आली आहे, तिच्या सुवाच्य अक्षरात तक्रार लिहून घेते आहे. मी सांगितलं ते असं, आणि इथेही उतरवून ठेवते, म्हणजे कोणी बदललं तर कळेल.

माझं वय अठ्ठ्याहत्तर. पुन्हा विचारू नये. एकच गोळी मला दोन दारांतून मिळाली आणि मी पडले. सांगितलं नाही हा माझा दोरा, तो मी बांधला आहे. दवाखान्याच्या डॉक्टरांनी वेगळं उत्तर द्यायचं नाही, हॉस्पिटलच्या डॉक्टरांनीही वेगळं द्यायचं नाही. दोघांनी एकत्र बसायचं, एकमेकांचं वाचायचं, आणि दोघांनी मिळून एकाच कागदावर उत्तर द्यायचं, खाली दोन सह्या. एकच सही असलेला कागद आला, तर काळा दोरा बांधून परत पाठवीन.